डब्याच्या साइटची नोंद: अकरावा आठवडा

सोमवारी सकाळी निघता निघता रिपोर्ट उघडला, तर आमच्या साइटला आठवड्याच्या भेटी ४१२! आदल्या आठवड्यात २६० होत्या. मी तशीच स्वयंपाकघरात गेले, जाऊबाईंनी गॅस बारीक करून आकडा बघितला. दिवसभर त्याच आनंदात होते. रात्री जेवणं आटोपल्यावर तोच आकडा पानांनुसार लावून पाहिला आणि लक्षात आलं की सर्वात वर असलेली तीन पानं अजून यादीत टाकलेलीच नाहीत. त्यांचा पत्ता फक्त आम्हा दोघींना माहीत. म्हणजे त्या दीडशे भेटी आमच्याच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: दादर, परळ, प्रभादेवी आणि गिरगावात घरून डबा देणाऱ्या बायकांची यादी, दर, वेळ आणि फोन असं आमचं काम आहे. आम्ही दोघी जावा, नोकरी सांभाळून रात्री दहानंतर बसतो. सध्या ३४ स्वयंपाकघरं आहेत, पैसे अजून कोणाकडूनही घेत नाही.

तर, स्वतःच्या भेटी वगळणं. गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ मध्ये (साइटच्या भेटी मोजणारं गूगलचं साधन) घरचा आयपी पत्ता, म्हणजे आपल्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, ‘अंतर्गत’ म्हणून नोंदवता येतो, ते मी पहिल्याच आठवड्यात केलं होतं. पण त्या भेटी गाळणारा फिल्टर सुरुवातीला ‘टेस्टिंग’ अवस्थेत असतो. ‘अ‍ॅक्टिव्ह’ केल्याशिवाय काहीच वगळलं जात नाही. ते राहून गेलं होतं. शिवाय मी निम्मं काम लोकलमध्ये मोबाइलवर करते आणि मोबाइलचा आयपी सारखा बदलतो, तिथे हा फिल्टर उपयोगाचा नाही. म्हणून एक गुप्त पान केलं. ते एकदा उघडलं की ब्राउझरमध्ये खूण साठते, आणि ती खूण असेल तर मोजणीची स्क्रिप्ट चालूच होत नाही. दोघींच्या फोनवर ते उघडून ठेवलं. त्याच सेटिंगमध्ये आणखी एक गोष्ट पहिल्या दिवशी करून टाका: सविस्तर माहिती साठवण्याची मुदत मुळात २ महिने असते, ती १४ करा. गेलेली माहिती परत मिळत नाही.

मग खरा प्रश्न: उरलेले लोक येतात कुठून? आमचे निम्म्याहून जास्त ‘डायरेक्ट’ या खात्यात पडतात. लोक पत्ता पाठ करून टंकतात असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून कोणी लिंक दाबली तर ती कुठून आली हे सहसा कळतच नाही, म्हणून ती ‘डायरेक्ट’ मध्ये जाते. आणि आमचं सगळं सोसायट्यांच्या ग्रुपवर चालतं. यावर उपाय यूटीएमच्या शेपट्या, म्हणजे ही लिंक कुठे टाकली होती हे सांगणारे शब्द लिंकच्या शेवटी जोडायचे. डबेवाले झाकणावर खूण रंगवतात, कोणत्या स्टेशनावर उतरवायचा, कोणती इमारत, कितवा मजला. त्या खुणेमुळेच अनेक हातांतून गेलेला डबा चुकत नाही. लिंकला लावलेली शेपटी हेच काम करते. आता सोसायटी ग्रुपची लिंक वेगळी, स्वयंपाकीण स्टेटसला ठेवते ती वेगळी, किराणा दुकानात चिकटवलेल्या क्यूआर कोडची वेगळी. शेपटीतली इंग्रजी अक्षरं सगळीकडे लहानच ठेवा. एकीकडे कॅपिटल, एकीकडे लहान असं झालं तर दोन वेगळी नावं मोजली जातात. आणि साइटच्या आतल्या लिंकना शेपटी लावू नका, माणूस मुळात कुठून आला हेच मग बिघडतं.

ग्रुपवर लिंक टाकताना पानाचा पत्ताही बदलावा लागला. मला तो देवनागरीत हवा होता, मराठी साइटला तेच शोभतं. पण संगणकात देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं (बाइट म्हणजे साठवणीचं छोटं माप), आणि कॉपी करताना प्रत्येक बाइटची टक्क्याची खूण धरून तीन अक्षरं होतात. ‘दादर’ या एवढ्याशा शब्दाची ३६! लिंक इतकी लांब आणि विचित्र दिसायची की एका काकूंनी फसवणुकीची समजून डिलीट केली. आता पत्ता रोमन लिपीत, बाकी सगळं मराठीत. मनाला लागलं, पण लोक लिंक उघडणं महत्त्वाचं.

या आठवड्यातला सगळ्यात मोठा शोध सर्च कन्सोलमध्ये लागला, म्हणजे लोक गूगलवर काय शोधताना आपली साइट दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात. तिथे दिवसानुसार आलेख लावला तर दर महिन्याला एक उंचवटा दिसला. आधी वाटलं पगाराची तारीख असेल. पण तारखा सरकत होत्या. जाऊबाईंनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून समोर धरलं आणि म्हणाल्या, “अगं, संकष्टी आहे ही.” खरंच! आदल्या दिवशी आणि त्या दिवशी लोक ‘उपवासाचा डबा’ शोधतात, बहुतेक इंग्रजी अक्षरांत टंकून. चंद्रोदयापर्यंत उपास आणि दुपारी ऑफिसात खायला काही नाही, अशी माणसं ही. आम्ही शोधात दिसत होतो, पण दाबत कोणी नव्हतं. कारण दर महिन्याला मी नवं पान करत होते, शीर्षकात महिन्याचं नाव टाकून. गूगलला ते नीट ओळखीचं होईपर्यंत चतुर्थी उलटून जायची. आता एकच कायमचं पान केलंय, जुनी सगळी त्याकडे वळवली (३०१ रीडायरेक्ट), आणि शीर्षक सरळ: ‘उपवासाचा डबा, दादर-परळ: खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी’. तारीख आत बदलायची, पत्ता तोच. अंगारकीला वेगळी ओळ.

वेगाचं थोडं. फोनने काढलेला थालीपिठाचा फोटो ४ एमबीचा तसाच चढवला होता. मुख्य मजकूर दिसायला २.५ सेकंदांच्या आत वेळ लागावा असा गूगलचा निकष. आमचं पान लोकलमध्ये त्याच्या दुप्पट घ्यायचं. फोटो वेबपीमध्ये (फोटो हलका करणारा फाइलचा प्रकार) ९० केबीवर आणले, रुंदी-उंची लिहून दिली म्हणजे पान उड्या मारत नाही. अक्षरं ‘मुक्त’ फॉन्टची, मुंबईच्याच एक टाइपने केलेला. त्याची दोनच वजनं, म्हणजे अक्षरांच्या जाडीचे दोनच प्रकार, ठेवली.

पण आता मी भेटींचा आकडा वर ठेवतच नाही. फोनचं आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण किती वेळा दाबलं, तो आकडा वर. या आठवड्यात ३१. त्यातले ११ किराणा दुकानातल्या क्यूआर कोडवरून, जिथून एकूण भेटी फक्त ४० होत्या. ग्रुपवरून भेटी तिप्पट, दाबणारे ९. दुकानात कागद वाचणारा माणूस भुकेला असतो किंवा नुकताच या भागात राहायला आलेला असतो. मला या ११ जणांचं फार अप्रूप वाटतं.

पुढची पायरी मात्र संगणकात दिसत नाही, म्हणून जाऊबाई रविवारी सहा स्वयंपाकिणींना फोन करून बसल्या. दाबणारे बरेच जण एकच विचारतात: एक दिवस चाखायला डबा मिळेल का, आणि सुट्टी कोणत्या वारी? दोन्ही गोष्टी आमच्या पानावर नव्हत्याच. सहा पानांवर आज रात्री टाकल्या, २८ बाकी आहेत. संकष्टीच्या आदल्या दिवसापर्यंत परळची सगळी पूर्ण करते, आणि गिरगावात आणखी चार दुकानांत कागद लावायला शनिवारी जाते. चारही कागदांवर शेपटी वेगवेगळी.