खरं जुनं बायबल कुठं बघायला मिळतं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. बेळगावात मी मोडी कागद वाचून देतो, बहुतेक वाटणीपत्रं आणि इनामाचे. म्हणून चर्चमधली पोरं, खानापूर-निपाणीकडचे पाळकसुद्धा हटकून विचारतात, "सर, बायबलची मूळ प्रत ऑनलाइन बघायला मिळते का? पैसे पडतात?"

पैसे पडत नाहीत. पण 'मूळ' तेवढं सोडा. लेखकांच्या हातची एकही प्रत उरलेली नाही, आहेत त्या नकला. 'ओरिजिनल बायबल' म्हणून शोधलंत तर व्हॉट्सअॅपवर फिरणारी सोनेरी अक्षरांची काळी पोथी पुढ्यात येईल, तिच्यावर विसंबू नका. पोथीचं नाव आणि ग्रंथालयातला क्रमांक टाका, आणि ज्यांच्याकडं ती आहे त्यांच्याच साइटवर जा.

सुरुवात कोडेक्स सायनायटिकसपासून करा. चौथ्या शतकातली ही ग्रीक पोथी. तिची पानं लंडन, लायपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सिनाईचा सेंट कॅथरिन मठ अशी चार ठिकाणी पांगलेली. 2009 पासून तिच्याच नावाच्या साइटवर ती एकत्र दिसतात. मार्कच्या शुभवर्तमानाचं शेवटचं पान उघडा. एका पानावर चार रकाने, सगळी मोठी अक्षरं, दोन शब्दांत जागाच नाही. मोडी वाचणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, तिथंही शब्द एकमेकांना चिकटूनच असतात. सोळाव्या अध्यायाचं आठवं वचन संपतं, खाली थोडी नक्षी, उरलेला रकाना कोरा, आणि पुढच्या रकान्यात लूक सुरू. आपल्या छापील प्रतीतली पुढची बारा वचनं इथं नाहीतच. ऐकून पटत नाही, म्हणून बघायला सांगतो. तिथंच तिरक्या उजेडातला फोटो निवडायची सोय आहे. त्यात चामड्यावर आखलेल्या रेघा उठून दिसतात.

व्हॅटिकन ग्रंथालयाच्या साइटवर 1209 क्रमांकाची ग्रीक पोथी आहे, तीही चौथ्या शतकातली. तिची फिकट झालेली अक्षरं पुढं कुणीतरी शाईनं गिरवली, त्यामुळं अक्षराच्या वळणावरून काळ ठरवायला जाऊ नका. नव्या करारातल्या 'इब्रीकरांस पत्रा'च्या पहिल्याच पानावर, समासात एका नकलनविसानं आधीच्या दुरुस्ती करणाऱ्याला झापलंय: मूर्खा, लबाडा, जुनं आहे तसं राहू दे! माझं सगळ्यात आवडतं पान हेच.

हिब्रू हवं असेल तर इस्रायल म्युझियमच्या साइटवर जुन्या करारातल्या यशया या पुस्तकाची गुंडाळी आहे, सात मीटरहून लांब; ती आडवी सरकवत बघायची. योहानाच्या शुभवर्तमानाचा, हाताच्या पंजाएवढाही नसलेला पपायरसचा (लव्हाळ्यासारख्या झाडापासून केलेल्या जुन्या कागदाचा) प्रसिद्ध तुकडा मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहे. आणि नुसता क्रमांकच हाती असेल, पोथी कुठं आहे ते ठाऊक नसेल, तर जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या संस्थेची यादी बघा. नव्या कराराच्या ग्रीक हस्तलिखितांना क्रमांक तेच देतात.

हे सगळं मोबाइलवर करू नका. फोटो जड असतात, आणि खानापूरच्या रेंजवर तर एक पान उघडेपर्यंत चहा होतो.