चार बोटं कोणाची?

हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिहा, असा शाळेतून फोन आला तेव्हा मी टपाल कचेरीच्या काउंटरवर कुणाचं तरी पार्सल वजन करत होते. "शाळेनं तुम्हाला काय दिलं ते लिहा," म्हणाले. गणित दिलं नाही, हे आधी सांगून टाकते. जे दिलं त्यातली एकही वस्तू आज घरात दाखवायला नाही. आमच्या हस्तकलेच्या बाई काही शिल्लक ठेवूच द्यायच्या नाहीत.

१९८२ ते १९८६ मी इथे, गोव्यातल्या ह्या शाळेत होते, तिसरीपासून सातवीपर्यंत. वेळापत्रकात त्या तासाचं नाव होतं 'समाजोपयोगी उत्पादक कार्य'. फळ्यावर लिहायला घेतलं की अर्धी ओळ त्यातच जायची. मोठी मुलं एस.यू.पी.डब्ल्यू. म्हणायची आणि त्या अक्षरांचा बाईंना न आवडणारा विस्तार करायची. शुक्रवारचे शेवटचे दोन तास. पोटात कावळे ओरडत असायचे, घरी शीत-कडी झाकून ठेवलेली असायची, आणि आम्ही चिवारीच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, कामट्या तासत बसलेले.

दिवाळीचा कंदील म्हणजे चांदणी, दुसरा आकार बाईंना मान्यच नव्हता. शिपाईमामा शाळेमागच्या बेटातून चिवारी तोडून कोयत्याने उभ्या चिरून द्यायचे. प्रत्येकाला दहा कामट्या, दोन-दोन विती लांब. कुसळं बोटात शिरू नयेत म्हणून त्या काचेच्या तुकड्यानं घासायच्या. पाच कामट्यांची एक चांदणी, एक वरून, एक खालून अशी ओवत न्यायची, म्हणजे ती दोऱ्याआधीच स्वतःला धरून राहते. अशा दोन चांदण्या पाठीला पाठ लावून पाचही टोकं बांधायची. इथपर्यंत सगळं चपटं. मग आतल्या बाजूला, कामट्या जिथं एकमेकींना छेदतात त्या पाच जागी, दोन चांदण्यांच्या मध्ये पाच आखूड काड्या ठोसायच्या. शेवटची काडी बसली की कंदील पोट फुगवून उभा राहतो. त्या वेळी वर्गात जो "हो" निघायचा तो वार्षिक बक्षीस समारंभातसुद्धा निघाला नसेल.

ह्या आखूड काड्यांचं माप बाईंनी सांगितलं होतं, "चार बोटं." आम्ही आपापली बोटं लावली. माझी बोटं म्हणजे नुसत्या शेवग्याच्या शेंगा, माझा कंदील इतका चपटा झाला की त्यात झिरोचा बल्बसुद्धा उतरेना. माझ्या बाकावर पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, मुलगा बसायचा. शाळेच्या पटांगणाला लागूनच त्यांची भट्टी, पहाटे वडिलांबरोबर पिठात हात घालून तो शाळेत यायचा. त्याची बोटं नवव्या वर्षीच मोठ्या माणसासारखी. त्याचा कंदील दुध्यासारखा फुगला. बाईंनी दोन्ही कंदील शेजारी शेजारी टांगले, वर्गाला पोटभर हसू दिलं आणि मग आपला पंजा वर धरला. "चार बोटं म्हणजे माझी." त्याच मापाची एक काडी कापून त्यांनी फळ्याच्या डाव्या बाजूच्या खिळ्याला दोऱ्यानं लटकावली. त्यानंतर प्रत्येकानं जाऊन त्या काडीवर माप घ्यायचं.

चिकटवायला मैद्याची खळ. स्टोव्हवर ती रटरटू लागली की बाई चिमूटभर मोरचूद टाकायच्या, झुरळांनी कंदील खाऊ नये म्हणून. मोरचूद पडायच्या आधी बोट घालून खळ चाटणारा एक गडी आमच्या वर्गात होता. तो आज मोठा हॉटेलवाला आहे, नाव सांगत नाही. पतंगी कागद फोंड्याच्या बाजारातून यायचा. कडेची चंदेरी पट्टी मात्र विकतची चालायची नाही, ती ज्यानं त्यानं सिगारेटच्या पाकिटातून मिळवायची. त्यामुळे कुणाचे वडील काय ओढतात हे अख्ख्या वर्गाला ठाऊक असायचं.

वाड्यावर तोवर मुलग्यांचा नरकासुर उभा राहत असायचा. गवत, जुने शर्ट, रद्दीच्या लगद्याचा मुखवटा. चतुर्दशीच्या पहाटे तो जळला, पायाखाली कारीट फुटलं, आंघोळ झाली की पाच तऱ्हेचे पोहे. (आता मुखवटे बाजारात तयार मिळतात आणि नरकासुरापेक्षा त्याच्या मागचे स्पीकर उंच असतात. असो.) चवथीचं, म्हणजे गणेशचतुर्थीचं, मात्र बाईंनी कधी वर्गात काही करून घेतलं नाही. माटोळी (गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं बांधून टांगतात ती चौकट) हीच एक शाळा आहे, म्हणायच्या. कवंडळं कुठं लाल झालीत, कांगलां कुठल्या झाडावर चढलीत, केवणीची साल कशी सोलायची म्हणजे बांधायला दोर होतो, हे ज्याचं त्यानं काका-आजोबांच्या मागे रानात जाऊन शिकावं. बाजारातून माटोळी आणणाऱ्या घरातल्या मुलाला त्या काही बोलायच्या नाहीत, नुसत्या "बरं" म्हणायच्या. त्या 'बरं'ला आम्ही घाबरायचो.

खरी रडारड व्हायची तुळशीच्या लग्नानंतर. ही व्हडली, म्हणजे मोठी, दिवाळी झाली की कंदील उतरवून वर्गात परत आणायचे, असा नियम होता. आईनं कौतुकानं पाहुण्यांना दाखवलेला, रात्रभर अंगणात लाल-हिरवा उजेड पाडलेला कंदील टेबलावर ठेवायचा आणि ओल्या फडक्यानं त्याचे कागद सोलून काढायचे. पहिल्या वर्षी मी हुंदके देऊन रडले. बाई म्हणाल्या, "सांगाडा चांगला झालाय की, कशाला रडतेस?" खाली राहायचा नुसता चिवारीचा सांगाडा. त्यावर डिसेंबरात पांढरा कागद चढायचा आणि आमच्या दिवाळीच्या कंदिलाचं नाताळचं नक्षत्र व्हायचं. एक पदेराच्या घरी, एक कपेलाला (छोट्या चर्चला), बाकीची खालच्या वाड्यावरच्या घरांच्या बाल्कांवांत, म्हणजे पुढच्या ओसऱ्यांत. बल्ब लागला की कोणतं नक्षत्र कुणाच्या कंदिलाचं ते आम्हाला लांबूनही ओळखू यायचं. माझं डावीकडे कललेलं असायचं.

त्या बदल्यात काही मागायचं नसे, पण नाताळच्या दिवशी घरोघर ताट फिरायचं. क्रोशाच्या रुमालाखाली नेवऱ्यो (करंज्या), दोदोलाचे काळसर तुकडे, बेबिंकाची एखादी चकती आणि नव्या फणीच्या दातांवर दाबून वळलेली कुलकुलं. चवथीला आमच्या घरी होते तीच नेवरी नाताळच्या ताटात पाहून मी पहिल्यांदा चक्रावले होते. त्यांच्या नेवरीच्या कडेला कातण्याचे दात, आमच्या आईच्या नेवरीला हातानं घातलेली मुरड, एवढाच फरक. आजी बेबिंकाकडे बघायचीही नाही, त्यात अंडी. बाबा दोन्ही वाटे खायचे, आजीचा धरून.

एका वर्षी नक्षत्राच्या जोडीला पदेराच्या घरच्या नाताळच्या देखाव्यातल्या, येशूच्या जन्माच्या गोठ्यासाठी नाचणीचं तण उगवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. सोपं काम. पसरट डब्यात माती घ्यायची, भिजवलेली नाचणी दाट पेरायची, दहा-बारा दिवसांत हिरवंगार कुरण तयार. आमच्या घरी कोंबड्या. पहिली पेर त्यांनी दोन दिवसांत साफ केली. दुसऱ्या खेपेला मी हुशारी केली, डबा माळ्यावर भाताच्या पोत्यांमागे लपवला आणि रोज चोरून पाणी घातलं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी खाली उतरवून बघते तर वीतभर उंच, केसासारखं बारीक आणि पिवळंफट्ट तण! वनस्पतीला हिरवं व्हायला उजेड लागतो हे विज्ञानाच्या पुस्तकात होतं, मी ते परीक्षेत लिहिलंही होतं. डबा फ्रॉकच्या घेरात झाकून नेला. पदेराच्या म्हाताऱ्या आईनं तो हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. "आसूं दी गो बाये," म्हणाली, "त्या गांवांत थंड. तण पिवळेंच आसतलें." आणि मातीची मेंढरं माझ्या पिवळ्या कुरणावर नेऊन उभी केली.

शुभेच्छापत्रांचा अनुभव ह्याहून वाईट. पिंपळाची पानं पाण्यात महिनाभर कुजवायची, गर सुटू लागला की जुन्या दातघाशीनं हलकेच घासायची, मागे राहते नुसती जाळी. ती पुस्तकात वाळवून काळ्या कागदावर चिकटवली की बघत राहावं असं काम होतं. पण तो महिना! डब्यातून असा वास सुटतो की आमच्या आजीनं परसात काहीतरी मेलंय म्हणून दोन दिवस शोध घेतला आणि सापडल्यावर डबा माडाच्या आळ्यात उपडा केला. पुन्हा पहिल्यापासून सगळं. अखेर एक जाळी धड निघाली. तिचं पत्र करून गिरगावच्या मामाला उघड्या पाकिटात, बुक पोस्टानं पाठवलं. वाटेत कुठंतरी त्यावर दणकून शिक्का बसला असावा. मामाचं उत्तर आलं, "पत्र पावले, आनंद झाला. पाकिटात चिमूटभर तंबाखू कशासाठी घातलीस ते समजले नाही." पुढे मी शिक्का मारणाऱ्यांतच नोकरीला लागले. जाड पाकीट दिसलं की आधी बोटांनी चाचपून बघते, मग कडेला हलका शिक्का मारते. डिसेंबरात पूर्वी अशा पाकिटांचे ढीग असायचे, आता तेवढी काळजी घेण्याजोगं फार काही येत नाही.

पदेराचा मुलगा इंग्लंडात स्विंडनला गेला, गोव्यातले पुष्कळ गेले तसा. इथली भट्टी दुसऱ्यानं चालवायला घेतली आहे. गेल्या डिसेंबरात एका रात्री त्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर बागेत वेली चढवायला मिळतात तसल्या बांबूच्या काठ्या उभ्या चिरून केलेल्या दहा कामट्या आणि टोकं बांधून झालेली चपटी चांदणी. खाली ओळ, "चार बोटां. कोणाचीं?"

"बाईंची," मी लिहिलं.

"तें हांव जाणां. सेंटीमीटरांनी सांग."

मला सांगता येईना. स्वतःचा पंजा काउंटरच्या पट्टीवर ठेवून पाहिला, सात भरले, पण ही बोटं माझी. शेवटी अंदाजानं आठ सांगितले. त्याचं नक्षत्र काही मनासारखं फुगलं नाही, असं त्याचं म्हणणं आहे, आणि दोष अर्थातच माझा.

म्हणून ह्या स्मरणिकेच्या निमित्तानं एक विनंती. जुन्या इमारतीत, पाचवीच्या वर्गात, फळ्याच्या डाव्या बाजूला खिळा होता. रंगकामात तो निघाला नसेल आणि दोऱ्याला ती काडी अजून लटकत असेल, तर कुणीतरी मोजून मला कळवावं. डिसेंबरच्या आधी कळवलंत तर बरं.