आमची वाटचाल : तोबाच्या किनाऱ्यावरची शेगडी

जपानच्या सहली नेणाऱ्या कंपन्या पुण्यात आता पुष्कळ आहेत. त्यातली आमची सगळ्यात लहान. एका गटात दहा माणसं, वर्षाला मोजकेच गट, आणि प्रत्येक गटाच्या दोन रात्री मिए प्रांतात, तोबा शहराजवळच्या एका मिन्शुकूत. मिन्शुकू म्हणजे घरचीच माणसं चालवतात तो मुक्काम. इथे खोल्या आठ, न्हाणीघर सामाईक, गादी आपली आपण घालायची. टोकियो, क्योतो कोणीही दाखवील. समुद्रातून निघालेली शेवंड त्याच किनाऱ्यावर, निखाऱ्यावर, वेळ देऊन खाऊ घालणं हे आमचं काम. ते आमच्यासारखं कोणी केलेलं नाही, हे आम्ही ठामपणे सांगतो.

सुरुवातीला आमचा हिशेब इतरांसारखाच होता: दिवसभर स्थळदर्शन, रात्री जेवायला पोचायचं. पहिल्याच गटाच्या वेळी ओकामी-सान, म्हणजे तिथल्या मालकीणबाई, आम्हाला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि काही न बोलता कोळशाची टोपली दाखवली. आमचा कार्यक्रम त्या टोपलीनं बदलला.

तो कोळसा बिंचोतान. शेजारच्या वाकायामा प्रांतात उबामे ओकच्या लाकडाचा करतात. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर धातूसारखे खणखणतात. धूर जवळपास नाही, आच दमदार आणि बराच वेळ टिकणारी, पण पेटायला हट्टी. भोकाच्या भांड्यात घालून गॅसवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवावा लागतो. घाई करून गार तुकडा थेट भडक आचेत टाकला तर फटाक्यासारखा फुटतो आणि ठिणग्या अंगावर येतात. म्हणून नवा कोळसा आधी शेगडीच्या कडेला तापत ठेवायचा आणि मगच मध्ये सरकवायचा. पावसाळ्यात दमट झालेला कोळसा तर हमखास फुटतो. शेगडीही साधी नाही. तिला शिचिरिन म्हणतात. चांगली शिचिरिन नोतो द्वीपकल्पातल्या सुझूची, डायटम या सूक्ष्म शेवाळाच्या अवशेषांच्या मातीचा ठोकळा खाणीतून अखंड कापून कोरलेली. आत निखारा फुललेला असतानाही बाहेरची बाजू फारशी तापत नाही. खालच्या झडपेतून हवा कमी-जास्त करायची. पाणी ओतून विझवायची नाही, तडकते. उरलेले निखारे चिमट्यानं घट्ट झाकणाच्या भांड्यात टाकायचे, हवा तुटली की विझतात आणि दुसऱ्या दिवशी लवकर पेटतात.

जेवण सहाला, म्हणजे पाचला विस्तव तयार व्हायला लागतो. पाहुणे साडेसातला आले तर निखाऱ्यावर राखेचा थर चढलेला असतो आणि शेवंड भाजायच्या ऐवजी शिजते. म्हणून आमचा गट नागोयाहून दुपारी एकच्या सुमाराची किंतेत्सु या खासगी रेल्वेची एक्स्प्रेस धरतो. दीड-पावणेदोन तासांत तोबा, तिथून मिन्शुकूची गाडी, चारपर्यंत आंघोळ, सहाला पाटावर. जेआरचा, म्हणजे जपान रेल्वेचा पास किंतेत्सुवर चालत नाही, हे नवी मंडळी विसरतात आणि फलाटावर धावपळ करतात. तिकीट आधीच काढावं.

मधली काही वर्षं सुरळीत गेली. मग आमचीच आयटिनररी, म्हणजे सहलीचा दिवसवार कार्यक्रम, आमच्या समोर आली.

एका मोठ्या कंपनीनं ती जशीच्या तशी छापली होती. 'निखाऱ्यावरची शेवंड' हा शब्दप्रयोगसुद्धा आमचा होता. दहाच्या जागी बसभर माणसं, दर आमच्यापेक्षा बराच कमी. आमच्याकडे नोंदवलेल्या चौघांनी नोंदणी तिकडे नेली. ते एक वेळ सोसलं असतं. पण त्यांची बस रात्री आठनंतर पोचायची, अर्धी माणसं वाटेतच खाऊन आलेली असायची, आणि एका फेरीला त्यांनी मुक्कामाच्या दिवशी सकाळी फोन करून तीन मिन्शुकू रद्द केल्या. हॉटेलात रद्द म्हणजे खोली रिकामी राहते. मिन्शुकूत त्याच दिवसाची मासळी माणशी मोजून घेतलेली असते. त्या दिवशी शेवंडी हौदात होत्या, आबालोनी (एका कवचाचे मोठे समुद्री शिंपले) भरून ठेवल्या होत्या. पैसे पाठवतो म्हणाले, पाठवले नाहीत.

त्यानंतर त्या किनाऱ्यावर 'भारतातला गट' म्हटलं की लोक नम्रपणे 'खोली नाही' म्हणू लागले. आमच्या दोन पर्यायी जागा हातच्या गेल्या. आमचा अख्खा गट भरलेला, प्रवाशांचे पैसे घेतलेले, व्हिसा झालेले. तेव्हा आम्ही निर्णय घेतला आणि आजही तो बरोबर होता असं वाटतं: त्या तीन घरांचं रद्द झालेलं जेवण आम्ही भरून दिलं. चूक आमची नव्हती, पण दार उघडं राहायला हवं होतं. त्यात आमची गंगाजळी संपली आणि पुढचे आठ महिने कार्यालयाचं भाडं उसनवारीवर चाललं. ती कंपनी आज जोरात आहे. तिनं एका शब्दानंही कधी काही कबूल केलेलं नाही. आम्हाला ते विसरता येत नाही.

ओकामी-साननी आमचे पैसे घेतले, पावती दिली, आणि पुढच्या मोसमात आमच्या गटाला चार खोल्या आधी राखून ठेवल्या. मार्च २०२० मध्ये जपानचे दरवाजे बंद झाले तेव्हा आमचं पुढच्या गटाचं आगाऊ भाडं त्यांच्याकडे अडकलं होतं. न मागता त्यांनी ते सगळं परत पाठवलं, त्यांचं घर रिकामं असताना. त्या पैशातून आम्ही आमच्या प्रवाशांना पूर्ण परतावा दिला. जून २०२२ मध्ये गाइडसह जाणाऱ्या गटांना परवानगी मिळाली, ११ ऑक्टोबर २०२२ पासून एकेकट्या पर्यटकांनाही. आमचा पहिला गट त्यानंतर थेट त्यांच्याकडेच गेला.

हा धंदा करू पाहणाऱ्यांनी आणि तिथे जाऊ पाहणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं.

मोसम पाहून जा. मिएत शेवंडीची बंदी मे ते सप्टेंबर असते. त्या महिन्यांत कोणी ताज्या स्थानिक शेवंडीचं जेवण विकत असेल तर प्रश्न विचारा. आबालोनीची बंदी वेगळी, १५ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर, आणि १०.६ सेंटिमीटर किंवा त्याहून लहान शिंपला काढायला मनाई आहे. म्हणून तिथल्या आमा, म्हणजे दम धरून बुडी मारणाऱ्या बाया, मोजपट्टी सोबत ठेवतात. तोबा-शिमाच्या आमांची ही मासेमारी २०१७ मध्ये जपान सरकारनं राष्ट्रीय लोकसांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केली.

भाजणं पाहुण्यानं स्वतः करायचं असतं, त्यामुळे चुकाही त्याच्याच हातून होतात. साझाए हा शंखासारखा गोगलगायीचा प्रकार, त्याचं तोंड वर आणि सपाट ठेवायचं, नाहीतर रस विस्तवात सांडतो आणि राख उडते. रस उकळायला लागला की साके आणि सोय सॉसचे चार थेंब, मग दाभण टोचून शंख फिरवत मांस बाहेर काढायचं. शेवटचं टोक पांढरट असलं तर नर, हिरवट काळं असलं तर मादी. ते कडू लागतं, पण त्याचे भक्त आहेत. हामागुरी शिंपल्यांचं बिजागर आधी सुरीनं कापून घ्या, म्हणजे ते फट्कन उघडून रस सांडत नाहीत. शेवंड उभी चिरलेली येते. कवचाची बाजू खाली ठेवून जवळपास पूर्ण भाजायची, मांसाची बाजू शेवटी अर्धा मिनिट. जास्त झालं की रबर होतं आणि कवचाला चिकटतं. तिची डोकी ठेवा, सकाळी त्याचंच मिसो सूप येतं.

हिवाळ्यात जवळच उरामुराची कालवं असतात. आपल्या मालवणी माणसाला वाटतं कालवं आपल्याला शिकवायची गरज नाही, पण इथे ती कवचासकट भाजायची असतात. सपाट बाजू आधी खाली, मग उलटून खोलगट बाजू खाली. कवचाचे तुकडे उडतात, म्हणून हातमोजे घाला, तोंड लांब ठेवा, लहान मुलांना मागे बसवा. आतून ८५ ते ९० अंशांवर किमान ९० सेकंद शिजलीच पाहिजेत, कारण नोरोव्हायरस, पोट बिघडवणारा विषाणू. 'तापवून खायची' असं लिहिलेली कालवं ताजी असली तरी अर्धकच्ची खाऊ नका. आणि कोळसा पेटलेला असताना थंडी वाजते म्हणून खिडक्या बंद करू नका. कोळशातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

शाकाहारींना आम्ही सरळ सांगतो: इथे येऊ नका, तोबात दुसरी व्यवस्था करून देतो. सूप, लोणचं, भाजी, सगळ्यात बोनितो माशाची दाशी, म्हणजे पातळ रस्सा, असते, आणि घरगुती स्वयंपाकघरात दहा माणसांसाठी ती वेगळी करता येत नाही. 'काहीतरी होईल' म्हणून पाठवणाऱ्यांनी आमच्याच गटात एका आजींना दोन दिवस भात आणि मीठ खायला लावलं आहे. ती चूक आमची होती, तेव्हापासून हा नियम. शिंपल्यांची अ‍ॅलर्जी असेल तर नोंदणीच्या वेळीच कळवा, जेवायला बसल्यावर नव्हे. जिवंत आबालोनी शेगडीवर वळवळताना पाहवत नसेल तर तेही आधी सांगा, स्वयंपाकघरात कापून लोण्यात परतून आणतात.

या मोसमाचा पहिला गट ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघतो. दहा जागा, सात भरल्या आहेत. माणशी मासळी मोजायची असते, म्हणून यादी सप्टेंबरअखेर ओकामी-सानकडे पोचली पाहिजे.