बिएन्नो: पाण्यावर चालणाऱ्या घणांचं गाव

बिएन्नो बघायला सुरुवात चौकापासून करू नये, पाटापासून करावी. ग्रिन्या ओढ्याचं पाणी वळवून आणलेल्या या पाटाला 'वाझो रे' म्हणतात. तो मध्ययुगातला आहे आणि अजून वाहतो. त्याच्या काठाने उतरत गेलो की लोहारशाळा तिथेच का उभ्या राहिल्या ते आपोआप कळतं. पाण्याला उतार मिळाला की चाक, आणि चाकामागे भट्टी.

गाव उत्तर इटलीत, लोम्बार्दी प्रांतातल्या वाल्कामोनिका खोऱ्यात आहे. ब्रेशाहून इझेओ तळ्याच्या काठाने एदोलोकडे जाणारी रेल्वे धरायची आणि ब्रेनोला उतरायचं. पुढचे काही किलोमीटर चढाचे आहेत.

लोहारशाळेला इथे 'फुचिना' म्हणतात. संग्रहालय केलेल्या फुचिनेत पाहायचा तो 'मालियो', म्हणजे पाणघण. अख्ख्या झाडाच्या खोडाची तुळई मधे टेकूवर तोललेली असते आणि पुढच्या टोकाला लोखंडी घण. घणाच्या आकारावरून त्याला 'गाढवाचं डोकं' म्हणतात. पाणचक्कीच्या आसावर बसवलेले दाते तुळईचं मागचं टोक खाली दाबतात, पुढचा घण वर जातो, दाता सुटला की स्वतःच्या वजनाने ऐरणीवर पडतो. घणाचा वेग लोहाराच्या हातात असतो. दांडा ओढून तो चाकावर पडणारं पाणी कमीजास्त करतो. तापलेलं पातं पसरवायचं तर घाव जलद हवेत, कड घडवायची तर सावकाश. लोखंडाची लाली उतरल्यावरही ठोकत राहिलं तर ते तडकतं. उलट पांढरंफेक होऊन ठिणग्या उडू लागल्या तर ते जळतं, मग तो तुकडा वाया.

मला मात्र घणापेक्षा भट्टीच्या वाऱ्याची सोय जास्त थोर वाटते. इथे चामड्याचा भाताच नाही! 'तिना दे लोरा' नावाच्या व्यवस्थेत पाणी उंचावरून उभ्या नळीतून पडतं. नळीच्या वरच्या भागातल्या भोकांतून ते हवा ओढून घेतं. खाली बंद टाकीत दगडावर आपटलं की पाणी आणि हवा वेगळी होतात. पाणी तळातून निघून जातं, कोंडलेली हवा नळीने भट्टीत घुसते. फिरणारा एकही भाग नाही, त्यामुळे झिजण्यासारखं काही नाही, आणि झोत अखंड. भात्यासारखी दम घेण्याची उसंत त्यात नसते. उणीव एकच, हवा दमट येते. टाकीत पाणी साचलं तर झोतासोबत तुषारही जातात आणि निखारे मंदावतात. म्हणून पाण्याची बाहेर जायची वाट मोकळी ठेवणं हे रोजचं काम.

सांता मारिया अन्नुन्चियाता चर्चमधली रोमानिनो या इटालियन चित्रकाराची सोळाव्या शतकातली भित्तिचित्रं चुकवू नका. गिरणीत मक्याचं पीठही याच पाटाच्या पाण्यावर दळतात.

जाण्याआधी घण चालवून दाखवण्याची वेळ विचारून घ्या. बंद फुचिना पाहून निम्मंही कळत नाही. चालू असताना चाकाजवळ उभे राहा आणि लाकडाकडे लक्ष द्या. चाक कोरडं पडलं की फळ्या आकसतात, सांधे उघडतात, आणि पाणी सोडल्यावर ते डुगडुगतं. काम नसलं तरी त्याला ओलं ठेवावं लागतं.