किल्ली फिरत नाही, तेल सोडू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसा हा प्रश्न फोनवर इतक्यांदा येतो की आता उत्तर आधी आणि नमस्कार नंतर असं झालंय. "मामा, गाडीची किल्ली फिरंना. तेल सोडू का?" सोडू नका. आधी पुढची चाकं कुठं वळलीत ते बघा.

मी साताऱ्यात ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो. नव्या गाड्यांना कंपनीचं सर्व्हिस सेंटर असतं, जुन्यांना आमच्यासारखे. हे गाव अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी चढउतारावर बसलेलं. समर्थ मंदिराकडं, बोगद्याकडं, चार भिंतींच्या रस्त्याला गाडी लावायची म्हणजे बहुतेक वेळा उतारावरच. जाणता माणूस काय करतो, चाकं कडेच्या दगडाकडं वळवतो, गाडी गिअरमध्ये टाकतो, हँडब्रेक ओढतो. अगदी बरोबर करतो. मग किल्ली काढतो आणि स्टेअरिंग लॉक होतं. लॉकमधला लोखंडी खटका स्टेअरिंगच्या दांड्यातल्या खाचेत जाऊन बसतो आणि वळून दाबून धरलेल्या चाकांचा सगळा ताण रात्रभर त्या खटक्यावर राहतो. सकाळी किल्ली फिरवायची म्हणजे तो चेपलेला खटका मागं ओढायचा. तो हलत नाही, म्हणून किल्लीही फिरत नाही. किल्ली चांगली, स्विच चांगला, आणि माणूस मात्र तेलाची बाटली शोधतोय.

एका हातानं स्टेअरिंग हलवून बघा. एका बाजूला घट्ट लागेल, दुसऱ्या बाजूला किंचित हलेल. जिकडं हलतंय तिकडं दाबून धरा आणि दुसऱ्या हातानं किल्ली हलकेच फिरवा. जोर लावायचा तो स्टेअरिंगवर. किल्लीवर लावलात तर ती मोडते, अर्धा तुकडा आत राहतो, आणि मग मला पक्कड घेऊन तुमच्या दारात यावं लागतं. माझ्याकडचे निम्मे फोन तरी एवढ्यावर मिटतात आणि त्याचे मी पैसे घेत नाही, हे घरच्यांना आवडत नाही ते वेगळं.

घोटाळा होतो तो नावात. सगळ्यालाच "इग्निशन गेलं" म्हणतात, पण आत तीन वस्तू आहेत. किल्ली जाते ते लॉक. त्यात स्प्रिंगवर बसलेल्या पितळी पट्ट्या असतात. किल्लीच्या दातांनी त्या सगळ्या एका पातळीत आल्या की लॉक फिरतं. त्याला जोडून तो स्टेअरिंगचा खटका. आणि सगळ्यात मागं खरा इलेक्ट्रिक स्विच, प्लास्टिकच्या डबीत तांब्याचे कॉन्टॅक्ट. यातलं काहीही अडकलं तरी हाताला सारखंच लागतं.

आता तेलाचं. एका गुरुजींची गाडी थंडीत सकाळी हटून बसायची आणि दुपारी उन्हात मुकाट चालायची. त्यांनी बॅटरी बदलली, कुणाच्या सांगण्यावरून स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी सेल्फची मोटर, खोलून घेतला. शेवटी मी लॉकला नाक लावलं, तर खोबरेलाचा वास. खोबरेल 24 अंशांच्या आसपास थिजतं. साताऱ्याच्या डिसेंबरात सकाळी ते पट्ट्यांमध्ये घट्ट होऊन बसणारच. मशीनचं तेल थिजत नाही, पण धूळ धरतं. पातळ स्प्रे मारला की त्या दिवशी लॉक लोण्यासारखं फिरतं, म्हणून लोकांचा त्यावर फार विश्वास. काही आठवड्यांनी आत धुळीचा चिखल झालेला असतो. लॉकला कोरडं वंगण लागतं, म्हणजे ग्रॅफाइट पावडर. चिमूटभर किल्लीला लावायची आणि किल्ली आत-बाहेर करायची. पावडर नाही मिळाली तर मऊ शिसपेन्सिल किल्लीच्या दातांवर घासा, तेही ग्रॅफाइटच. पण भसाभसा फुंकू नका. ग्रॅफाइटमधून वीज जाते, आणि मागं स्विचचे कॉन्टॅक्ट आहेत. आधीच तेल गेलं असेल तर ते क्लीनरनं धुऊन, वाळवून, मग पावडर.

हे करूनही अडत असेल तर कपाटातली दुसरी किल्ली काढा, लग्नातल्या चांदीसारखी जपून ठेवलेली असते ती. ती सहज फिरली तर रोजची किल्ली झिजलीय. अशा वेळी लोक चावीवाल्याकडं नेमकी झिजलेली किल्लीच घेऊन जातात. नक्कल करताना झीजही जशीच्या तशी उतरते. कपाटातली न्या, किंवा गाडी घेताना किल्लीबरोबर नंबर कोरलेली पट्टी मिळाली असेल तर त्या नंबरावरून कापून घ्या. किल्लीत चिप असलेल्या गाडीला साधी नक्कल चालत नाही. लॉक फिरतं, गाडी सुरू होत नाही.

किल्लीला लटकलेला संसारही उतरवा. घराच्या, दुकानाच्या, गोदामाच्या चाव्या, वर पितळी गणपती. खड्ड्यागणिक ते सगळं लॉकला हिसके देत असतं. गंमत वाटत असेल तर हे ऐका. 2014 साली अमेरिकेतल्या जनरल मोटर्स कंपनीला 26 लाखांच्या आसपास लहान गाड्या परत बोलवाव्या लागल्या. किल्लीला 'ऑन'वर धरून ठेवणारा स्विचमधला खटका कमजोर होता. जड जुडग्यानं किंवा धक्क्यानं किल्ली मागं सरकायची, इंजिन बंद पडायचं आणि अपघातात एअरबॅग उघडायच्या नाहीत. नुकसानभरपाईच्या निधीनं 124 मृत्यूंचे दावे मान्य केले. तिथं मूळ दोष बनावटीतच होता, पण झिजलेलं लॉकही किल्ली धरत नाही. काही जुन्या गाड्यांत चालत्या गाडीची किल्ली हातात काढून दाखवतात, पोरं टाळ्या वाजवतात. पसरणी घाटात इंजिन बंद झालं तर इंजिनकडून ब्रेकला मिळणारी मदत एक-दोनदा पाय दाबेपर्यंतच पुरते. पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी बंद करणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय, पण झिजलेल्या लॉकची गाडी घेऊन तरी तसं करू नका.

खरा स्विच अडकल्याची खूण वेगळी. गाडी सुरू होते, पण ब्लोअर, वायपर, टेप सगळं बंद. लोक फ्यूज तपासत बसतात. सेल्फ मारताना बॅटरीचा सगळा जोर स्टार्टरला मिळावा म्हणून बहुतेक गाड्यांत हे बाकीचं तेवढ्यापुरतं तुटतं. किल्ली सोडली की स्प्रिंगनं ती 'ऑन'वर परत यायला हवी. ती अध्येमध्येच राहिली तर हे सगळं मेलेलंच राहतं. बोटानं किल्ली मागं ढकला. ब्लोअर सुरू झाला, तर दोष सापडला.

ही खूण अंगावर काढू नका. आज अध्येमध्ये राहणारी किल्ली उद्या थेट सेल्फवर राहील, इंजिन सुरू आणि स्टार्टरही त्याच्याबरोबर किंचाळतोय. किल्ली लगेच हातानं मागं घ्या. स्टार्टर तरीही थांबत नसेल तर गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर, आणि बॅटरीची निगेटिव्ह काढा. त्यासाठी दहा नंबरचा पाना गाडीत असू द्या. किल्ली पूर्ण बंद करूनही सेल्फ फिरत राहिला तर स्विचला दोष देऊ नका, बहुधा स्टार्टरच्या सोलेनॉइडचे, म्हणजे स्टार्टरला बॅटरीची वीज जोडणाऱ्या स्विचचे, कॉन्टॅक्ट चिकटलेले असतात.

खर्चाचं विचारता म्हणून: मागचा स्विच कित्येक गाड्यांत एक-दोन स्क्रूंवर वेगळा निघतो. तेवढाच बदलला की लॉक तेच, किल्ली तीच. पूर्ण लॉक सेट घ्या म्हणणाऱ्याला आधी विचारा, अडकलंय नेमकं काय. स्टेअरिंग लॉकच गेलं असेल तर काम वाढतं, कारण त्याच्या बोल्टांची डोकी बसवतानाच मुद्दाम मोडलेली असतात, चोराला पाना लावता येऊ नये म्हणून. ते छिन्नीनं फिरवावे लागतात.

आणि हल्ली नवीन निघालंय, "मामा, किल्लीची कटकटच नको, पुशबटण बसवा." म्हणजे स्टेअरिंगचं लॉक कापायचं, इग्निशन एका टॉगलवर, म्हणजे साध्या चालू-बंद बटणावर, न्यायचं, आणि तो टॉगल रात्रभर चालू राहिला की ठिणगी देणारी कॉइल तापून जळायची वाट बघायची. बटण बसवणारे साताऱ्यात आहेत. मी बसवत नाही. पण बसवून झालं आणि जुनं लॉक टाकून देणार असाल तर माझ्याकडं आणून द्या, त्यातल्या पितळी पट्ट्या कुणाच्या तरी कामाला येतात.