डिक्शनरी उघडण्याआधी क्रियापद शोधा

इंग्रजी वाचताना अडलं की हात लगेच डिक्शनरीकडे जातो. पण पुष्कळदा अडलेलं असतं ते वाक्य, शब्द नव्हे. हे पाहा: 'द पेशंट्स एक्झामिन्ड ऑन मंडे रिटर्न्ड विथ फीव्हर.' एकही शब्द कठीण नाही. तरी 'रुग्णांनी सोमवारी तपासलं' असं वाचत गेलं की 'रिटर्न्ड'पाशी गाडी अडते.

मराठीत 'तपासलं' हे क्रियापद आणि 'तपासलेले' हे विशेषण रूपावरूनच वेगळं कळतं. शिवाय विशेषण नामाच्या आधी येतं: सोमवारी तपासलेले रुग्ण ताप घेऊन परत आले. इंग्रजीत दोन्हीकडे 'एक्झामिन्ड' एकच, आणि 'एक्झामिन्ड ऑन मंडे' हा सगळा लवाजमा नामानंतर येतो. आपल्या सवयीला ही मांडणी उलटी पडते.

अशा वेळी जिथे शंका आहे तिथे 'सी' हे क्रियापद घालून बघा. 'सॉ' चालेल की 'सीन'? 'द पेशंट्स सॉ ऑन मंडे' म्हटलं तर कोणाला पाहिलं, हे कुठेच सांगितलेलं नाही. 'सीन' मात्र चपखल बसतं. म्हणजे 'एक्झामिन्ड' इथे विशेषणाचं काम करतंय आणि खरं क्रियापद 'रिटर्न्ड' आहे. 'सी'चा भूतकाळ ('सॉ') आणि त्याचं धातुसाधित, म्हणजे विशेषणासारखं वापरता येणारं रूप ('सीन'), वेगळी असल्यामुळे ही युक्ती चालते. 'टूक' आणि 'टेकन' वापरलं तरी तेच.

दुसरी अडचण गाळलेल्या शब्दांची. 'द बुक आय बॉट फेल अपार्ट' यात 'बुक' आणि 'आय' शेजारीशेजारी आलेत, मध्ये जोडणारं काही नाही. तिथे 'दॅट' गाळलाय असं समजा: मी विकत घेतलेलं पुस्तक खिळखिळं झालं.

वाक्य सुटलं की शब्दाचा अर्थही बहुतेक वेळा व्याकरणच सांगतं. 'ओव्हरसाइट' घ्या. याचे दोन अर्थ जवळजवळ विरुद्ध आहेत: देखरेख आणि नजरचूक. 'इट वॉज अ‍ॅन ओव्हरसाइट' यात 'अ‍ॅन' आहे, म्हणजे मोजता येणारी एक घटना, म्हणून नजरचूक. 'द कमिटी हॅज ओव्हरसाइट ऑफ द फंड' यात 'ओव्हरसाइट'आधी आर्टिकल नाही आणि पुढे 'ऑफ' आहे, म्हणून देखरेख. 'सॅन्क्शन'चंही तसंच. 'सॅन्क्शन्ड द लोन' म्हणजे कर्ज मंजूर केलं. 'इम्पोज्ड सॅन्क्शन्स ऑन' म्हणजे निर्बंध लादले; अनेकवचन आणि 'ऑन' हीच खूण. 'अ', 'ऑन', 'ऑफ' हे बारके शब्द नजरेखालून निसटतात, आणि अर्थाची किल्ली नेमकी त्यांच्यात असते. 'फ्यू पीपल केम' म्हणजे फारसं कोणी आलं नाही, 'अ फ्यू पीपल केम' म्हणजे काही जण आले. एका अक्षराने वाक्याचा सूर नकारातून होकारात जातो.

काळाकडेही असंच लक्ष हवं. 'शी लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स' म्हटलं की साधारणपणे आता ती इथे राहत नाही. 'हॅज लिव्ह्ड' असेल तर बहुधा अजून राहतेय.

संदर्भावरून अंदाज बांधायचा, तर आजूबाजूचे शब्द ओळखीचे हवेत. साधारण ५० शब्दांत एखादाच अनोळखी असेल तर अंदाज टिकतो. दर ओळीत दोन-तीन अडत असतील तर तो मजकूर सध्या बाजूला ठेवून सोपा घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही.

डिक्शनरी उघडायचीच झाली, तर शब्द तुमच्या वाक्यात नाम आहे की क्रियापद, हे आधी ठरवा आणि फक्त तोच भाग वाचा. शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनऱ्यांत नामापुढे 'सी' किंवा 'यू' असं अक्षर असतं: मोजता येणारं आणि न येणारं. तेही जुळवून घ्या. मग सापडलेला अर्थ वाक्यात परत घालून पूर्ण परिच्छेद वाचा. अर्थ बसत नसेल तर दुसरा शोधण्याआधी एकदा क्रियापद तपासा. बरेचदा चूक तिथेच झालेली असते.