रिकाम्या गाडीचा आवाज

भाजीपाल्याची एक पिकअप आमच्या चेंबूरच्या गॅरेजमध्ये आली, ती दोन उलट तक्रारी घेऊनच. चालकाचे म्हणणे होते की गाडीखालून सारखी खडखड येते. मालकाचे म्हणणे होते की ते स्वतः रोज पहाटे त्याच गाडीत बसून येतात आणि असा आवाज त्यांनी कधी ऐकलेला नाही. तरीही चालकाच्या कटकटीला कंटाळून त्यांनी दुसऱ्या एका गॅरेजमधून प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणाऱ्या दांड्याचे, क्रॉस, त्या दांड्याला मध्ये आधार देणारे सेंटर बेअरिंग आणि शॉक अब्सॉर्बरचे बुश बदलून घेतले होते. आवाज राहिला आणि चालक कामचुकार ठरला.

सुटे भाग बदलत जाणे म्हणजे निदान नव्हे, हे आमच्या धंद्यातल्या पुष्कळांना अजून मान्य नाही. ग्राहकाला बिलात वस्तू दिसली की समाधान वाटते, आणि ऐकण्यात घालवलेल्या वेळाचे पैसे मात्र कोणी देत नाही.

दोघांना वेगवेगळे विचारल्यावर पहिला धागा मिळाला. चालक रात्री रिकामी गाडी घेऊन वाशीच्या बाजारात जातो. मालक तिथे माल भरून झाल्यावर गाडीत बसतात आणि दादरला उतरतात. म्हणजे दोघेही खरे बोलत होते. रिकामी गाडी खडखडते आणि भरलेली गप्प राहते, एवढी गोष्ट आधीच कोणी विचारली असती तर निम्मा खर्च वाचला असता.

मी चालकाला शेजारी बसवून रात्री मानखुर्दमार्गे वाशीच्या पुलाकडे गेलो. पुलाच्या सांध्यांवर आवाज स्पष्ट येत होता आणि तो केबिनच्या मागून, गाडीच्या मधूनच येतो आहे असे वाटत होते. सेंटर बेअरिंग का बदलले गेले, हे तेव्हा कळले. मात्र त्याच वेगात गुळगुळीत पट्टा लागला की आवाज बंद होई, म्हणजे फिरणाऱ्या भागाचा दोष नव्हता. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तरी खड्ड्यावर आवाज येतच होता, तेव्हा इंजिन संशयातून सुटले. ब्रेकवर हलका पाय ठेवूनही फरक पडला नाही, म्हणून ब्रेकचे पॅडही संशयातून सुटले. परत येऊन हौद्यात वाळूची पोती टाकली आणि पुन्हा तीच फेरी मारली. आवाज जवळजवळ नाहीसा झाला. आता संशय फक्त मागच्या पाट्यांवर, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या एकावर एक रचलेल्या स्प्रिंगच्या पट्ट्यांवर उरला.

लोखंडातून आवाज फार दूर जातो. पाट्याच्या टोकाशी झालेला ठोका पुढच्या ब्रॅकेटमधून चासीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात शिरतो आणि भलत्याच ठिकाणी ऐकू येतो, त्यामुळे कानापेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवावी लागते. गाडी चासीवर उचलून मागच्या चाकांचा ॲक्सल लोंबकळत ठेवला, चिखल खरवडला आणि आरसा धरून टॉर्च मारला. सगळ्यात खालच्या पाट्याच्या टोकावर, गंजाच्या मधोमध, रुपयाच्या नाण्याएवढा एक ठिपका चांदीसारखा चकाकत होता. त्याच्या बरोबर वरच्या पाट्यावर त्याचा जोडीदार ठिपका होता. त्या फटीत जुन्या ट्यूबचा तुकडा कोंबून पुन्हा पूल गाठला, तर गाडी मुकी.

तो पाटा कंपनीचा नव्हताच. माल जास्त भरता यावा म्हणून मालकांनी दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवून घेतला होता. त्याचा बाक वरच्या पाट्यांपेक्षा कमी असल्याने टोकाशी फट राहिली होती. बसवणाऱ्याने मध्ये रबर ठेवले होते, ते काही महिन्यांत झिजून पडले. भार असला की वरचे पाटे सपाट होऊन त्यावर टेकतात, रिकामी असली की आपटतात. ही गोष्ट आधी का सांगितली नाही, असे विचारल्यावर मालक म्हणाले, "त्याचा आवाजाशी काय संबंध?"

मला आवाजापेक्षा दुसऱ्याच गोष्टीने अस्वस्थ केले. या गाडीत भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह आहे. ॲक्सलला जोडलेल्या दांडीवरून तो गाडी किती बसली आहे ते ओळखतो. जास्त बसली तर मागे जास्त दाब देतो. पाटा वाढवला की भरलेली गाडीही उंच राहते, व्हॉल्व्हला ती हलकी वाटते आणि माल सर्वाधिक असतानाच मागचे ब्रेक कमी लागतात. पुढचे पॅड लवकर का झिजतात, ही मालकांची जुनी तक्रार होती. तिचे उत्तर बहुधा इथेच होते.

त्यांना मात्र फक्त रबर बसवून हवे होते. मी नकार दिला. जादा भारासाठी २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड ठेवला आहे, हेही सांगून पाहिले. त्याचा काही परिणाम झाला नाही. अखेर चालकच बोलला, "शेठ, सायनच्या उतारावर गाडी नाक खाली घालते, मागून धरत नाही. मला रोज जीव मुठीत धरून यावं लागतं."

मालक बराच वेळ गप्प राहिले आणि मग पाटे काढायला सांगितले. पाटे एकत्र धरणारे सेंटर बोल्ट आणि ते ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे टाकले, व्हॉल्व्हच्या दांडीचे माप तपासले आणि थोडी गाडी चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला या, असे बजावले. काढलेले पाटे भंगारात देऊ का, असे विचारले, तेव्हा मालक म्हणाले, "नको, गाडीतच टाका." आमच्याच रस्त्यावर ते तासाभरात परत बसवून देणारी दुकाने आहेत. मी पाटे हौद्यात ठेवले आणि ते का काढले, ते बिलावर सविस्तर लिहिले. त्या बिलाचा फोटो चालकाने स्वतःच्या मोबाईलवर काढून घेतला.